मुलाची तक्रार आणि धर्मसंस्थेचे कर्तव्य

आजचा विषय अप्रिय आहे, आणि चारचौघांच्या बैठकीत तो सहसा निघत नाही. देऊळ, मठ, चर्च, मशीद, आश्रम किंवा एखादे प्रार्थनामंडळ यांतील कोणा व्यक्तीने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, असे एखादे मूल सांगते, तेव्हा त्या संस्थेतील माणसांनी काय करावयाचे, हा तो विषय. मी कॅथलिक ख्रिस्ती आहे आणि पेशाने शाळामास्तर आहे. या दोन्ही नात्यांनी हा प्रश्न माझ्या उंबऱ्याशी उभा आहे. गेल्या पाव शतकात या बाबतीत जगभर जिची सर्वांत अधिक झडती घेतली गेली, ती माझीच धर्मसभा होय. तेव्हा दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखविण्यापूर्वी स्वतःच्या घरापासून आरंभ करणे बरे.

अमेरिकेतील बॉस्टन या धर्मप्रांतात एका धर्मगुरूविरुद्ध मुलांच्या पालकांनी वारंवार गाऱ्हाणी नेली. दर वेळी त्याला दुसऱ्या धर्मग्रामात पाठविण्यात आले. सुमारे तीस वर्षे हे चालले, आणि अखेर त्याच्यावर आरोप करणाऱ्यांची संख्या १३० च्या वर गेली. जानेवारी २००२ मध्ये तेथील 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने हे सारे बाहेर आणले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील कार्डिनलांना पद सोडावे लागले. पुढे अमेरिकेतील बिशपांनीच करविलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाल्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे त्या काळात सेवेत असलेल्या धर्मगुरूंपैकी शेकडा चार. मला त्या आकड्याहून अधिक विचार करावयास लावते ती 'बदली' ही गोष्ट. एका गावातून उचलून दुसऱ्या गावी ठेवणे हा उपाय कोणाही दुष्ट माणसाने शोधलेला नाही. सभ्य, भाविक आणि कामाचा व्याप असलेल्या माणसांनी तो शोधला. म्हणूनच तो सर्वत्र आढळतो.

सर्वत्र म्हणजे कोठे कोठे, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले आहे. त्या देशाने २०१३ साली एक शाही आयोग नेमला. आयोगाने पाच वर्षे काम केले, आठ हजारांहून अधिक लोकांचे अनुभव एकांतात ऐकून घेतले आणि डिसेंबर २०१७ मध्ये आपला अहवाल सतरा खंडांत सादर केला. त्याच्यापुढे कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चची प्रकरणे आली, तशी साल्व्हेशन आर्मीची आली, यहुदी शाळांची आली, आणि मँग्रोव्ह माउंटन येथील सत्यानंद योग आश्रमाचेही प्रकरण आले. यहोवाचे साक्षी या पंथाने तर १९५० पासूनच्या १,००६ आरोपितांच्या नोंदी स्वतःच्या कपाटात जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांपैकी एकाचीही वर्दी पंथाने पोलिसांना दिलेली नव्हती. अत्याचार सिद्ध होण्यास दोन साक्षीदार हवेत, असा त्यांचा धर्मशास्त्रीय नियम. अशा गुन्ह्याला दुसरा साक्षीदार कोठून आणावयाचा, हे त्या नियमाने कधी विचारले नाही. ग्रंथ निराळे, वेष निराळे, प्रार्थनेची भाषा निराळी. पण तक्रार आल्यावर प्रथम संस्थेच्या नावाची चिंता वाटणे हे मात्र सगळीकडे सारखे.

आपल्याकडेही निराळे चित्र नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना त्या पाहणीत प्रश्न विचारले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा उणे नव्हते. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचा व विश्वासातला असतो, हेही त्या पाहणीत आहे. गोव्यातील जुन्या वाचकांना मडगावचे प्रकरण आठवत असेल. तेथे अनाथ मुलांचा आश्रयदाता म्हणून वावरणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली जन्मठेपेची शिक्षा झाली. दयेचे काम करणाऱ्याच्या घरी कोणी झडती घेत नाही. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि स्वतंत्र बाल न्यायालय स्थापिले.

धर्मस्थानातील अत्याचाराला एक वेगळी धार असते, ती ही की, ज्याच्या पायांवर आईबाप डोके ठेवतात त्याच्याविरुद्ध मुलाला बोलावयाचे असते. आमच्याकडे त्याला 'फादर' म्हणतात, कोठे 'महाराज' म्हणतात, कोठे 'गुरुजी' किंवा 'मौलवीसाहेब'. मुलाच्या दृष्टीने तो माणूस आणि देव यांच्यात फारसे अंतर नसते. 'तू बोललीस तर देव शिक्षा करील' हे वाक्य परक्या माणसाच्या तोंडी हास्यास्पद वाटेल. त्याच्या तोंडी ते खरे वाटते.

म्हणून मूल बोलते कसे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. शाळेत वीस वर्षे काढल्यावर एवढे तरी कळते की, मूल अशी गोष्ट सरळ वाक्यात सांगत नाही. "मला उद्यापासून भजनाच्या वर्गाला जायचं नाही." "माझं पोट दुखतं." "माझ्या एका मैत्रिणीला ना, एकदा असं झालं होतं." ते गोष्टीचे एक टोक पुढे करते आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते. ऐकणारा दचकला, रागावला किंवा 'काहीतरी बोलू नकोस, ते केवढे मोठे आहेत' असे म्हणाला, की ते टोक मागे घेतले जाते. ऑस्ट्रेलियाच्या आयोगापुढे आलेल्या लोकांना आपली गोष्ट प्रथम बोलून दाखविण्यास सरासरी जवळजवळ चोवीस वर्षे लागली होती.

अशा वेळी ऐकणाऱ्याने, मग तो पुजारी असो, धर्मभगिनी असो, रविवारच्या वर्गाची शिक्षिका असो की देवस्थानचा विश्वस्त, थोडेच करावयाचे असते. शांतपणे ऐकावे. 'तू सांगितलंस हे चांगलं केलंस, यात तुझा काही दोष नाही,' एवढे म्हणावे. खोदून खोदून विचारू नये. कोठे, कसे, किती वेळा, हे प्रश्न विचारण्याचे काम त्यासाठी शिकलेल्या माणसांचे आहे. आपण विचारले तर मुलाच्या तोंडी आपले शब्द जातात आणि उद्या न्यायालयात तेच वकिलाच्या हाती लागतात. 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन कदापि देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही, आणि मोठ्यांचा शब्द मोडतो हे त्या मुलाला आधीच एकदा कळलेले आहे. त्याऐवजी 'तुला जपण्यासाठी ज्यांना सांगायला हवे त्यांनाच सांगेन' असे म्हणावे. मूल निघून गेल्यावर त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून, लिहून ठेवावेत. घटना ताजी असेल तर अंगावरचे कपडे धुऊ नयेत व तत्काळ डॉक्टर गाठावा. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून मुलाच्या समोर उभे करू नये. 'समोरासमोर करू, दूध का दूध होईल' ही आपल्याकडची आवडती रीत आहे. गायीम्हशींच्या व्यवहारात ती चालत असेल. येथे तिचा परिणाम एकच होतो: मूल गप्प बसते, आणि मंडळी समाधानाने घरी जातात.

यानंतर पोलिसांना कळवावयाचे. येथेच बहुतेक संस्थांचे पाय अडखळतात, म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडे सविस्तर सांगतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला सारे 'पॉक्सो' म्हणून ओळखतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या दृष्टीने बालक आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडला आहे हे ज्याला कळले, किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्याला वाटले, त्या कोणाही माणसाने विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळविलेच पाहिजे. 'कोणाही' या शब्दात पुजारी येतो, बिशप येतो, विश्वस्त येतो, झाडलोट करणारा सेवकही येतो. पुरावा गोळा करून मग कळवा, असे कायदा म्हणत नाही. कळविले नाही तर २१व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड; आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शिवाय शैक्षणिक वा धार्मिक संस्थेतील माणसाने त्याच संस्थेतील मुलावर केलेला अत्याचार हा कायद्याने अधिक गंभीर वर्गात घातला आहे.

पुष्कळांना वाटते की पोलिसांत जाणे म्हणजे मुलाला चौकीत नेऊन बाकावर बसविणे. तसे नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आईबाप किंवा मुलाच्या विश्वासातले माणूस जवळ हवे. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवावयाचे असते. खटला चालू असता साथ देण्यासाठी समिती एक साहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते. घटना दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या राज्यात घडलेली असली तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. सीमाभागातील व परप्रांतांत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे ठाऊक असलेले बरे. फोनने कळवावयाचे तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात हे सारे पुस्तकाप्रमाणे घडते असे मी म्हणणार नाही. पण संस्थेतील चार सुजाण माणसे त्या कुटुंबाबरोबर गेली आणि नियम ठाऊक असल्याचे त्यांनी नम्रपणे दाखविले, तर पुष्कळ फरक पडतो. मंडळींनी बरोबर जावयाचे ते यासाठी. बाहेरच्या बाहेर मिटविण्यासाठी नव्हे.

"अहो सर, पण आधी आपण आपली चौकशी करायला नको का? एकदम पोलीस?" हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा सज्जन असतात. त्यांना मी इंग्लंडमधील एक हकीकत सांगतो. जॉन स्मिथ नावाचा एक नामांकित बॅरिस्टर तेथील अँग्लिकन चर्चशी निगडित अशा शिबिरांतून मोठ्या शाळांतील मुलांना धर्मशिक्षण देत असे. पापाचे क्षालन म्हणून तो त्यांना घरी नेऊन वेताच्या छडीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारी. १९८२ साली शिबिरांच्या चालकांना हे कळले. त्यांनी चौकशी केली, आणि ती काही वरवरची नव्हती. एका धर्मगुरूने मुलांशी बोलून अहवाल लिहिला. ही कृत्ये कायद्याने गुन्हा ठरतात, असेही त्यात नमूद केले. मग तो अहवाल मोजक्या लोकांना दाखवून बंद करण्यात आला. पोलिसांना कळविले नाही. स्मिथला इंग्लंड सोडून जाऊ दिले. १९८४ साली तो झिंबाब्वेत गेला, तेथे त्याने पुन्हा मुलांची शिबिरे उभारली आणि पुन्हा छडी उचलली. १९९२ साली तेथील शिबिरात सोळा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. खटला उभा राहिला, पण तडीस गेला नाही. २०१७ साली दूरचित्रवाणीने प्रकरण उघडकीस आणले, आणि २०१८ साली स्मिथ कोणत्याही न्यायालयापुढे उभा न राहता दक्षिण आफ्रिकेत मरण पावला. दोन्ही खंडांत मिळून शंभराहून अधिक मुले व तरुण त्याच्या हाती सापडले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये याविषयीचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला आणि काही दिवसांतच कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. २०१३ साली त्यांच्या कानी हे आले असता पोलिसांकडे रीतसर पाठपुरावा त्यांनी केला नाही, असा त्या अहवालाचा ठपका होता.

या हकीकतीत चौकशीचा अभाव कोठेच नाही. चौकशी झाली, सत्य सापडले, लिहूनही ठेवले. अंतर्गत चौकशीचा दोष ती अपुरी असते हा नव्हे. तिच्या हाती माणसाला थांबविण्याची शक्ती नसते, आणि सत्य कळल्यावर ते झाकण्याचा मोह मात्र तिच्याच पदरी येतो. धर्मसंस्थेने स्वतःची चौकशी मुळीच करू नये असे नाही. या माणसाला पदावर ठेवावे काय, आपल्या व्यवस्थेत फट कोठे राहिली, हे तिने जरूर पाहावे. पण ते पोलिसांना कळविल्यानंतर आणि त्यांच्या तपासाला अडथळा न येईल अशा बेताने. गुन्हा घडला की नाही हा प्रश्न आपल्या अखत्यारीतला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील फिर्याद उच्च न्यायालयाने रद्द केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि न कळविणे हाच एक गंभीर गुन्हा असून त्यात बहुधा अपराध्याला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे म्हटले.

आरोप खोटा निघाला तर? प्रश्न न्याय्य आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांच्या पंक्तीत मी नाही. निरपराध माणसाच्या नावाला लागलेला असा डाग धुऊन निघणे कठीण असते. कायद्यानेही याचा विचार केला आहे. द्वेषाने किंवा पैसे उकळण्यासाठी मुद्दाम खोटी फिर्याद देणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे; सद्भावाने कळविणाऱ्याला, पुढे काही सिद्ध न झाले तरी, संरक्षण आहे; आणि मुलाला कोणत्याही परिस्थितीत शिक्षा नाही. संस्थेने आरोपीला दोषी ठरवू नये आणि निर्दोषही ठरवू नये. निकाल लागेपर्यंत त्याला मुलांपासून व पदावरून दूर ठेवावे, हे शिक्षा म्हणून नव्हे. बँकेच्या रोखपालावर संशय आला तर चौकशी संपेपर्यंत त्याच्या हाती तिजोरीची किल्ली कोणी ठेवीत नाही, तेवढेच हे. त्याला राहावयास जागा, वकील, बोलावयास एखादा माणूस मिळावा. पण त्याच्या सत्कारसभा नकोत, त्याच्यासाठी सह्यांची मोहीम नको, आणि 'आमच्या गुरूंविरुद्ध कट' अशी व्यासपीठावरची भाषणे तर नकोतच.

कॅथलिकांपुढे येथे एक वेगळी अडचण उभी राहते, ती पापनिवेदनाची. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने प्राण गेला तरी उघड करावयाचे नाही, हा चर्चचा नियम आहे. पॉक्सोत मात्र त्याला अपवाद लिहिलेला नाही. या पेचाचे पूर्ण उत्तर मजजवळ नाही. काही देशांत त्यावर आजही वाद चालू आहे. व्यवहारात वाट आहे ती अशी. मुलाने तेथे काही सांगितले तर त्याला धीर द्यावा, 'हे पाप तुझे नाही' असे सांगावे, आणि हीच गोष्ट बाहेर येऊन मला किंवा तुझ्या आईला सांग, मी तुझ्याबरोबर असेन, असे समजवावे. रोमने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही पापनिवेदनात असे कळल्यास ते अन्य मार्गाने उघड करण्यास त्या व्यक्तीचे मन वळवावे, असे म्हटले आहे. पापनिवेदनाबाहेर कळलेल्या गोष्टीला मात्र गुप्ततेचा कसलाही आडोसा नाही. अशा खटल्यांवरील 'पोपसत्तेची गुप्तता' डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढून टाकली. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील त्यांच्या आज्ञापत्राने तक्रारदाराला गप्प राहण्याची अट घालण्यास मनाई केली, आणि देशाच्या कायद्याने सांगितलेले कळविण्याचे कर्तव्य तसेच कायम राहते, हेही स्पष्ट केले. तरीसुद्धा 'बिशपांना कळवले, आता आपले काम झाले' असे म्हणणारे लोक भेटतात. बिशपांना कळविणे म्हणजे पोलिसांना कळविणे नव्हे.

आता सर्वांत दुखऱ्या जागेकडे येतो, ती म्हणजे समाज त्या कुटुंबाशी कसा वागतो. केरळात कण्णूर जिल्ह्यात २०१७ साली एका धर्मगुरूपासून अल्पवयीन मुलीला मूल झाल्याचे उघड झाले. आरंभी मुलीच्या बापाने दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. खटल्यात मुलगी व आईबाप आपल्या जबाबापासून फिरले. न्यायालयाने रक्ताच्या नात्याच्या शास्त्रीय तपासणीवर भर देऊन २०१९ साली त्या धर्मगुरूला वीस वर्षांची शिक्षा दिली. पुढे उच्च न्यायालयाने ती दहा वर्षांवर आणली. एका बापाने असा कलंक आपल्या कपाळी का लावून घेतला असेल, याचा विचार मी एक बाप म्हणून अनेकदा केला आहे. ज्या गावात बारसे, लग्न, मयत सारे एकाच दारात होते, त्या दाराशी वैर घेणे म्हणजे गाव सोडणे. आसारामच्या प्रकरणातील मुलीचा बाप त्याचाच भक्त होता आणि मुलगी त्याच्याच संस्थेच्या शाळेत शिकत होती. २०१३ साली फिर्याद झाली, इंदूरच्या आश्रमातून त्याला अटक झाली, आणि २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने आजन्म कारावास सुनावला. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले. भक्तमंडळींतील फारच थोडे त्या कुटुंबाच्या बाजूने बोलले.

हल्ला वगैरे आपल्या गावी होत नाही, असे आपण म्हणू. खरे आहे. आपल्या गावी त्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे जाईनासे होते. प्रसादाच्या पंगतीत शेजारची पाने रिकामी राहतात. 'मुलीलाच वळण नव्हते' असे कोणी हलकेच बोलते आणि बाकीचे मान हलवतात. याला कायद्यात कलम नाही, म्हणून येथे मंडळींनी स्वतः हालचाल करावयाची आहे. पुढाऱ्याने सर्वांसमोर एवढे सांगावे की, एक तक्रार आली आहे, ती पोलिसांकडे दिली आहे, संबंधित व्यक्ती कामावरून दूर आहे, त्या कुटुंबाविषयी कोणी वेडेवाकडे बोलू नये, आणि आणखी कोणाला काही सांगावयाचे असेल तर अमुक अमुक ठिकाणी सांगावे. मुलाचे नाव, घर, शाळा काहीही सांगू नये. मुलाची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास कायद्याचीच मनाई आहे, आणि मोबाइलवरून गटागटांत फिरणारे निरोप त्यातून सुटत नाहीत. दोन-तीन वडीलधाऱ्या बायकांनी त्या घरी जावे, भाजी-भाकरी न्यावी, कोर्टाच्या तारखेला सोबत करावी. प्रवचन करू नये.

आणि क्षमेची घाई करू नये. हे मी ख्रिस्ती म्हणून जरा जोर देऊन सांगतो, कारण हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त झाला आहे. अपराध्याने पश्चात्ताप व्यक्त केला की दुसऱ्याच आठवड्यात मुलाच्या आईला 'आता क्षमा करा' असे सांगणारे लोक असतात. क्षमा करणे न करणे त्या मुलाच्या हाती आहे. ते चाळीस वर्षांनी करील किंवा कधीच करणार नाही. मंडळींना त्याच्या वतीने ती वाटून टाकण्याचा अधिकार नाही. पश्चात्ताप खरा असेल तर तो शिक्षा भोगण्यास तयार असतो.

शिक्षा भोगून सुटलेला माणूस पुन्हा प्रार्थनेला येऊ लागला तर काय, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही. पण तो येणारच. देवाचे दार त्याला बंद करावे असे मला वाटत नाही. पण अटी लेखी असाव्यात: मुलांच्या कोणत्याही कामात भाग नाही, आवारात एकट्याने वावरणे नाही, बरोबर नेमून दिलेला एक प्रौढ, आणि ज्या मुलाला त्याने दुखविले ते ज्या वेळेला येते ती वेळ त्याची नाही. कोणाला तरी दुसऱ्या देवळात जावयाचे असेल तर त्याने जावे, मुलाने नव्हे.

प्रतिबंधाविषयी थोडक्यात. २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या सेवकवर्गाची वेळोवेळी पोलीस पडताळणी करून घ्यावयाची आहे. शाळांना हे ठाऊक झाले आहे, संस्कारवर्ग, वेदपाठशाळा, मदरसे व रविवारचे वर्ग यांना अजून व्हावयाचे आहे. मुलाबरोबर एकट्या प्रौढाने बंद खोलीत बसू नये. शिकवणीच्या खोलीच्या दाराला काच असावी. वसतिगृह असेल तर रात्री कोण कोठे जातो याची वही असावी. तक्रार कोणाकडे करावयाची त्या व्यक्तीचे नाव, आणि शक्य तर ती व्यक्ती स्त्री व संस्थेच्या पगाराबाहेरची असावी. त्याखाली जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि १०९८. हा फलक गोव्यात मराठीबरोबर कोंकणीतही हवा, बेळगावात कन्नडमध्येही, बडोद्यास गुजरातीत, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत, हैदराबादेत तेलुगू व उर्दूत. अक्षरे मोठी असावीत. आमच्या बहुतेक ठिकाणी सूचनाफलक कार्यालयाच्या दाराशी, पाच-साडेपाच फुटांवर असतो. दुसरीतल्या मुलाला तो वाचता येत नाही. तो खाली, पाण्याच्या नळापाशी लावावा.